बघणार कोण?

माझ्या दुकानात येणारं गिऱ्हाईक आधी किंमत विचारतं आणि मग मालाकडे बघतं. हा माणूस आला तो सरळ मांडणीवरच्या चालू कॉम्प्युटरपाशी गेला आणि त्याला कान लावून उभा राहिला. एकाला लावला, मग शेजारच्याला. मला वाटलं, हा आता नाडीपण बघतो की काय.

"काय ऐकताय?" मी विचारलं.

"पंखा," तो म्हणाला. "घरात फार आवाज नको."

दुकान जुन्या कॉम्प्युटरचं, आणि ते मी एकटीच चालवते. मोठी ऑफिसं दर काही वर्षांनी चांगली धडधाकट यंत्रं मोडीत काढतात. मी ती गठ्ठ्याने उचलते, आतली धूळ काढते, लागेल ते बदलते आणि हमी देऊन विकते. त्यामुळे माणसं बघायची सवय आहे मला. हा पन्नाशीचा, शर्टाला कडक इस्त्री, आणि खिशाला एक प्लॅस्टिकचा बिल्ला. बिल्ल्यावर नाव नाही, फोटो नाही. तो काय म्हणून विचारलं तर दचकून त्याने तो काढून पाकिटात ठेवला.

"दवाखान्यातला आहे. काढायचा राहिला. अंगाला किती किरणं लागली ते मोजतो. मी एक्सरे काढतो."

पुढे कळलं की दवाखान्यात त्याला रोखासाहेब म्हणतात. दिवसभर बंद दाराआड "श्वास घ्या, रोखा, सोडा" एवढंच बोलतो म्हणून. मीही मग तेच म्हणायला लागले आणि त्यानेही ते चालवून घेतलं.

त्याला घरच्या घरी सिनेमांचा सर्व्हर करायचा होता. म्हणजे असं, की सगळे सिनेमे एका यंत्रात भरून ठेवायचे, आणि मग टीव्हीवर, मोबाईलवर, जिथे हवा तिथे हवा तो लावायचा. हल्ली बरेच जण येतात असे. प्रत्येक जण प्रोसेसर कोणता, रॅम किती, हार्डडिस्क केवढी, इथून सुरुवात करतो. मी तिथून सुरुवात करू देत नाही. माझा पहिला प्रश्न ठरलेला.

"बघणार कोण?"

या प्रश्नाला लोक पटकन उत्तर देतात. बायको, मुलं, सासरे. रोखासाहेब मात्र मांडणीवरच्या एका तारेची गाठ सोडवायला लागले.

"मी," जरा वेळाने ते म्हणाले. "आणि मुलगी."

"एकाच घरात?"

"नाही. ती तिच्या आईकडे असते. दुसऱ्या गावात. बसने दिवस जातो."

दवाखान्याच्या खिडकीवर वय सांगावं तसं सांगितलं त्यांनी हे, खाली बघून.

मी समजावलं. घरातल्या घरात बघायचं तर काही डोकं लावावं लागत नाही, डिस्कवरून निघालेला सिनेमा तारेतून टीव्हीत जातो आणि कुठलाही डबा ते करतो. बाहेरगावी पाठवायचा तर तो तुमच्या इंटरनेटच्या बाहेर जाणाऱ्या नळीतून जातो, आणि घरगुती जोडणीत ती नळी बारीक असते. जाडजूड सिनेमा त्यातून मावत नाही. मग तो चालता चालता बारीक करावा लागतो, मुलगी बघतेय तेवढ्या वेळात, सतत. हे काम प्रोसेसरचं. काही नव्या प्रोसेसरमध्ये त्यासाठी वेगळा भाग असतो, ते हसत खेळत करतात. जुने असले की घाम फुटतो त्यांना.

मी त्यांना एक छोटा कॉम्प्युटर दाखवला. साबणाच्या दोन वड्या एकावर एक ठेवाव्यात तेवढा. आवाज नाही, वीज नावापुरती, आणि आत नेमका तो भाग.

"एवढासा?" रोखासाहेब म्हणाले.

त्याच्या शेजारी एक उंच काळं धूड उभं होतं. इमारतींचे नकाशे काढणाऱ्या ऑफिसातून आलेलं, पत्रा असा की बसलं तरी वाकणार नाही. ते त्यांच्या मनात भरलं.

"हा दमदार दिसतो."

"दिसतो," मी म्हणाले. "पण म्हातारा आहे. नव्या पद्धतीचे सिनेमे त्याला जड जातील. आणि तुम्हाला तर आवाज नको होता."

"चालेल तेवढा आवाज. मुलीचं काम आहे, कमी पडायला नको."

पुरुष माणसं यंत्र वजनावर घेतात, हे मी आता मान्य केलंय. रॅम दुप्पट करून द्या म्हणाले. मी सांगितलं, रॅम वाढवून सिनेमा गोड होत नाही, आहे ती पुष्कळ झाली. तरी वाढवून घेतली. ते धूड पोटाशी धरून टॅक्सीत बसले तेव्हा खिडकीतून फक्त त्यांचं कपाळ दिसत होतं.

*

काही दिवसांनी ते परत आले. धूड पोटाशी तसंच.

"अडकतंय," ते म्हणाले, आणि मग हळूहळू सगळं सांगितलं.

नवरा-बायको वेगळे झाले तेव्हा मुलगी पहिलीत होती. तिला ते बबडी म्हणतात, अजूनही, ती कॉलेजात गेली तरी. भेट सुट्टीतच व्हायची. म्हणून बापाने एक युक्ती काढली. एकाच सिनेमाच्या दोन डीव्हीडी घ्यायच्या, एक इथे ठेवायची, एक पार्सलने तिला पाठवायची. रविवारी संध्याकाळी फोन लावायचा, एक-दोन-तीन म्हणायचं आणि दोघांनी एकदम बटण दाबायचं. फोन चालूच ठेवायचा. तिकडे ती हसली की इकडे ऐकू यायचं. कधी तिचं यंत्र अर्धं वाक्य पुढे असायचं, मग विनोद व्हायच्या आधीच ती हसायची आणि यांना पुढे काय येणार ते कळायचं.

"फार छान चालायचं ते," रोखासाहेब म्हणाले.

पुढे डीव्हीडी मिळेनाशा झाल्या. बबडीच्या नव्या लॅपटॉपला त्या घालायची फटच नव्हती. रविवार बंद पडले. म्हणून हा सर्व्हरचा घाट. ठरल्याप्रमाणे त्यांनी पहिल्या रविवारी फोन लावला, एक-दोन-तीन केलं, आणि सिनेमा सुरू झाला. जरा वेळाने बबडी म्हणाली, "बाबा, अडकलं." परत सुरू केलं. "बाबा, परत अडकलं." इकडे त्या धुडाचा पंखा असा भणभणत होता की त्यांना तिचं बोलणंही नीट ऐकू येईना. प्रोसेसर पार टेकीला आलेला.

"मग ती म्हणाली, राहू दे ना बाबा, आपण नंतर बघू." रोखासाहेबांनी ते तिच्याच आवाजात म्हणून दाखवलं. समजूतदार, जरा घाईतला आवाज.

धूड परत घेतलं आणि छोटा काढला.

आता ते ऐकायला तयार होते, तेव्हा आम्ही नीट बसून सामान निवडलं. तयार मिळणारी सिनेमांची पेटी असते, तीही त्यांनी विचारली. तिच्यात डिस्क छान बसतात, पण स्वस्तातल्या पेटीचा प्रोसेसर अगदीच लेचापेचा, त्याला हे बारीक करायचं काम जमलं नसतं. छोट्या कॉम्प्युटरलाच बाहेरून डिस्क जोडायच्या ठरल्या. मी दोन सुचवल्या, दोन्हींवर तेच सिनेमे. एक बंद पडली तर दुसरी चालू राहते.

"पण दोन्ही घरातच," ते म्हणाले. "घरालाच काही झालं तर?"

प्रश्न बरोबर होता. "मग तिसरी एक प्रत बाहेर ठेवा. कोणा नातेवाइकाकडे."

त्यांनी विचार केला. डोळ्यांसमोरून एकेक माणूस जात असावं, आणि कोणी थांबत नसावं.

"दवाखान्यात माझा लॉकर आहे," शेवटी ते म्हणाले. "तिथे ठेवीन."

जोडणी करायला मी त्यांच्या घरी गेले. सहसा जात नाही, पण राऊटर ते कॉम्प्युटर तारेने जोडायचं होतं, आणि ते काम सांगून होत नाही. दोन खोल्या, तिसरा मजला. ओट्यावर एक कप, एक ताट, एक पातेलं, सगळी उपडी. पुढच्या खोलीत टीव्ही आणि त्याच्या समोर एकच खुर्ची. भिंतीशी बुटांच्या खोक्यांची चळत होती, आणि खोक्यांत बूट नव्हते, डीव्हीडी होत्या. एक डीव्हीडी भाड्याने देणारं दुकान बंद झालं तेव्हा यांनी उरलेला माल उचलला होता, चांगलं-वाईट न बघता.

कॉम्प्युटर कुठे ठेवायचा विचारलं, तर त्यांनी आतल्या खोलीचं दार उघडलं. पलंगावरची चादर कोपऱ्यांत अशी दुमडून खोचलेली की दवाखान्यातली खाटच. टेबल, टेबलावर दिवा, पेन ठेवायचा डबा आणि त्यात नवीकोरी पेनं.

"बबडीची खोली," ते म्हणाले. "इथे ठेवू या."

"दार बंद असेल तर तापेल."

"दार उघडं ठेवीन."

जोडून झाल्यावर बाहेरून चालतंय का ते बघायचं होतं. मी जिन्यात जाऊन माझ्या मोबाईलच्या नेटवर एक सिनेमा लावला. लोण्यासारखा चालला. दाराच्या आत उभे राहून ते विचारत होते, "अडकतंय?" मी नाही म्हणाले. "आता?" नाही. "आता?"

"रोखासाहेब, श्वास सोडा," मी म्हणाले. ते हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदा बघितलं, आणि कसं कोण जाणे, त्यामुळे ती खोली आणखीनच रिकामी वाटली.

*

पुढचे काही रविवार छान गेले. मग बबडीच्या परीक्षा आल्या, मग मैत्रिणीचा वाढदिवस, मग सहल. भांडण नाही, रुसवा नाही. मुलगी मोठी झाली होती, एवढंच.

पण एक गोष्ट रोखासाहेबांच्या हाती लागली. या सर्व्हरचं एक पान असतं. कोण काय बघतंय, कुठपर्यंत आलंय, कुठे थांबलंय, सगळं त्यावर दिसतं. ते पान ते मोबाईलवर उघडायचे, दोन रुग्णांच्या मध्ये, एक्सरेच्या खोलीतल्या अंधारात. आणि तिथे दुपारच्या वेळी लिहून यायचं : बबडी, चालू.

ती बघत होती. रविवारी नसेल जमत, पण रोज दुपारी बघत होती. आणि बघत होती काय, तर त्या खोक्यांतले जुने, काळे-पांढरे सिनेमे.

"पोरगी माझ्यावर गेलीय," मोठी डिस्क घ्यायला आले तेव्हा ते मला म्हणाले. "जुनं आवडतं तिला. जागा संपत आली, ताई."

मॅडमवरून मी ताईवर आले होते. माणूस पार बदलला होता. तो जुन्या डीव्हीडी विकणाऱ्यांकडे जायचा, पदपथावर बसून ढिगारे उपसायचा, घरी आणून एकेक सर्व्हरवर उतरवायचा. मुलगी काय बघते त्यावरून त्याने तिची आवड पाठ केली होती. मारामारी आली की पुढे ढकलते. गाणं आलं की मागे जाऊन परत ऐकते. कोर्टाचा खटला असेल तर सलग बघते, जेवायलाही उठत नाही. बसल्या जागी त्याचं तिच्याशी बोलणं चाललं होतं. ती एक सिनेमा संपवायची, तो तसलेच दोन ठेवायचा. दुसऱ्या दिवशी तिने त्यातला एक लावलेला असायचा.

"खाली अक्षरं लावून बघते मात्र," ते जरा काळजीने म्हणाले. "कानात ती गाण्याची बोंडं घालून घालून ऐकू कमी येत असेल का हो?"

मी डिस्क तपासायला लावली होती, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. बबडीचाच. त्यांनी काउंटरवर ठेवून स्पीकर लावला. माझ्यासमोर लावला तो मुद्दाम, मला वाटतं. मुलीचा आवाज कोणाला तरी ऐकवायचा होता त्यांना.

कॉलेजचं काहीतरी विचारून झालं. मग ते म्हणाले, "बबडे, तो परवाचा कसा वाटला? वकिलाचा?"

"कुठला वकील?"

"अगं, दोनदा बघितलास की."

"मी? नाही बाबा." आणि मग ती खळखळून हसली. "अय्या, ती आजी! माझा जुना टॅब आजीकडेच असतो ना. तिला टीव्हीचं काही जमत नाही, म्हणून मी हे लावून दिलं. तुला बोलले नव्हते का?"

"नाही."

"अरे, दिवसभर तेच चाललेलं असतं. आई म्हणते घर किती शांत झालंय, कटकट नाही. बाबा, ठेवू? क्लास आहे."

"ठेव," ते म्हणाले. "छत्री घेऊन जा."

फोन बंद झाल्यावरही ते त्याच्याकडेच बघत होते. मग म्हणाले, "ताई, ती डिस्क राहू द्या."

मी तार काढली. विचारायचं नाही असं ठरवूनही विचारलं, "आजी म्हणजे तुमच्या सासूबाई?"

"होत्या."

त्यांनीच सांगितलं मग. लग्नाला या बाईंचा विरोध होता. संसार मोडला तेव्हा सामान न्यायला टेम्पो घेऊन याच आल्या, आणि एकेक भांडं हातात घेऊन त्यांनी निवाडा केला. "माझ्याशी त्या शेवटचं बोलल्या ते 'कुकर आमचा आहे' एवढंच," रोखासाहेब म्हणाले. "त्यानंतर फोन उचलला तरी माझा आवाज ऐकून न बोलता मुलीच्या हातात द्यायच्या."

ते रिकाम्या हातांनी गेले.

घरी जाऊन त्यांनी काय केलं ते पुढे कळलं. सर्व्हरचा पासवर्ड बदलला. सोपं काम. तिकडचा टॅब तिथल्या तिथे आंधळा. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात सवयीने त्यांनी ते पान उघडलं. पान रिकामं. जेवणाच्या सुट्टीत उघडलं, तर तेव्हाही रिकामं. निघताना बघितलं.

"राग होता माझा," ते मला म्हणाले. "खोटं कशाला बोलू. पण कोणीच बघत नव्हतं हो, ताई. मी एवढं सगळं जमवलं आणि ते पान नुसतं पांढरं. ते बघवेना."

जुना पासवर्ड परत लावला आणि ते दुकानात आले.

"ती मोठी डिस्क आहे ना अजून?"

ती मी मांडणीवर ठेवलीच नव्हती.

*

त्यानंतर थोड्या दिवसांनी त्यांना एक फोन आला. हॅलो नाही, कोण बोलतंय नाही.

"तुमचा तो कालचा सिनेमा मध्येच थांबतो. आणि अक्षरं बारीक आहेत."

आवाज त्यांनी लगेच ओळखला. "मोठी करतो," ते म्हणाले.

"आणि मारामारीचे नका ठेवू."

"बरं, आई."

तो शब्द जुन्या सवयीने निघून गेला तोंडातून. मग फोन ठेवल्याचा आवाज.

पण फोन पुन्हा आला. मग येतच राहिला. बोलणं फक्त सिनेमाचं. अमुक नटीचे आणखी आहेत का. तो सावत्र आईचा फार रडवतो, काढून टाका. काढलात का? मग परत ठेवा. कसे आहात, असं दोघांनी एकमेकांना कधीच विचारलं नाही. रोखासाहेब मला हे सांगताना तक्रारीच्या सुरात सांगायचे, पण फोन आलेल्या दिवशीच सांगायला यायचे. येताना काहीतरी निमित्त असायचं, एखादी तार, एखादा स्क्रू. माझ्याकडच्या तारा संपल्या असतील, पण त्यांची निमित्तं संपली नाहीत.

"तुम्हाला जावई म्हणतात की नावाने हाक मारतात?" मी एकदा चेष्टेने विचारलं.

"काहीच म्हणत नाहीत. 'ऐका' म्हणतात."

मग त्या पानावर वेगळंच दिसायला लागलं. एकच सिनेमा, रोज. संपला की परत पहिल्यापासून. नवे ठेवले तर हात लागेना. एक्सरेवाल्या माणसाला आतलं दिसायची सवय असते. त्यांनी मुलीला विचारलं, आजी बरी आहे ना? बबडी म्हणाली, विसरते जरा. मग एके दिवशी पान पांढरं झालं आणि तसंच राहिलं.

या वेळी फोन आला तो मुलीच्या आईचा. किती वर्षांनी, ते त्यांनी सांगितलं नाही. तिच्या म्हाताऱ्या आईने हट्ट धरला म्हणून ती तिला घेऊन त्यांच्या मूळच्या घरी राहायला गेली होती, आडगावात. बबडी होस्टेलवर. तिथे इंटरनेट नाही म्हटलं तरी चालेल. आणि आई सारखी सिनेमे मागते, मिळाले नाहीत की अस्वस्थ होते, रडते. "तुला काही करता येईल का?" एवढंच विचारलं तिने.

त्या दिवशी ते दुकानात आले तेव्हा मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला नाही. कोण बघणार ते माहीतच होतं. आम्ही सासूबाईंसाठी यंत्र निवडायला बसलो. इंटरनेट नसतानाही चालणारं हवं. फिरणारी डिस्क नको, धक्का लागला तर जाईल. न फिरणारी घेतली. पंखा नको, गावाकडे धूळ. रॅम असेल तेवढी चालेल. वीज गेली आणि आली तर आपोआप सुरू व्हायला हवं, कारण बटण दाबा हे त्या बाईंना कोण सांगणार? यादी नको, चौकोन नकोत, टीव्ही लावला की सिनेमा. रिमोट दोनच बटणांचा : मागे, आणि थांबा. शोधून शोधून एका जाहिरात-फलकाच्या मागचा डबा मला मिळाला, दुकानांच्या काचेत दिवसभर जाहिराती फिरवतात त्यातला. तो यासाठीच जन्माला आल्यासारखा होता. सिनेमे रोखासाहेबांनी स्वतः निवडले. सावत्र आईचा घालू की नको यावर बराच वेळ घालवला. शेवटी घातला.

दवाखान्यात रजा टाकून ते बसने निघाले.

परत आल्यावर त्यांनी जे सांगितलं ते मी सांगते. चहा त्यांच्यासमोर निवत होता आणि ते कपाचा कान नुसता इकडून तिकडे फिरवत होते.

दार मुलीच्या आईनेच उघडलं. केस पांढरे झालेले. "आलास," ती म्हणाली. "बस मिळाली वेळेवर?" मिळाली म्हणाले. मग तिने आत नेलं.

सासूबाई खिडकीशी पलंगावर बसल्या होत्या. यांच्या मनात होती त्याच्या निम्मी बाई. यांच्या हातातल्या पिशवीतून तारा लोंबत होत्या, त्यांकडे बघून त्या म्हणाल्या, "टीव्हीवाला आला का?"

मुलीची आई काही बोलायला गेली. यांनी मानेनेच नको म्हटलं.

"हो," ते म्हणाले. "टीव्हीवालाच."

ते टेबलाखाली शिरून तारा जोडत होते आणि वरून सूचना चालू होत्या. नीट लावा. भिंतीला डाग पाडू नका. मग त्या म्हणाल्या, "आमचे जावई पाठवतात सिनेमे."

टेबलाखाली रोखासाहेबांचा हात थांबला.

"मोठ्या दवाखान्यात असतात. माणसाच्या आतले फोटो काढतात."

"हो का?" यांनी विचारलं. आणि मग, तोंड दिसत नव्हतं म्हणून धीर झाला असेल, "कसे आहेत जावई?"

बाईंनी बराच विचार केला.

"फोनवर बरे आहेत," त्या म्हणाल्या.

सिनेमा सुरू झाला तसं त्यांचं टीव्हीवाल्याकडचं लक्षच उडालं. रोखासाहेब बाजूच्या स्टुलावर बसून राहिले. इतके महिने जे पानावर अक्षरांत बघितलं होतं ते समोर चाललेलं. मारामारी आली, बाईंनी तोंड वळवलं. गाणं आलं, संपलं. बाईंनी रिमोट शोधला, सापडला नाही. "अहो, मागे घ्या ना जरा," त्या म्हणाल्या. यांनी घेतलं. गाणं परत झालं. "अजून एकदा." परत घेतलं. दाराच्या चौकटीला टेकून मुलीची आई उभी होती, हाताला पीठ लागलेलं.

सिनेमा संपायच्या आत बाई बसल्या बसल्या झोपल्या.

"जेवून जा," मुलीची आई म्हणाली.

"बस आहे."

"बस उद्याही असते."

पण ते निघाले.

"का हो?" मी न राहवून म्हणाले. "राहायचं होतंत की एक दिवस!"

"टीव्हीवाला राहतो का कुणाच्या घरी, ताई?" त्यांनी तो गार चहा एका दमात पिऊन टाकला. "आणि राहून काय बोललो असतो? सिनेमा तर लावून झाला होता."

बाई त्यानंतर हिवाळाभर होत्या. फोन आता येत नव्हता. तिकडच्या डब्याचं पान नव्हतं, त्यामुळे तिथे काय चालू आहे, कुठे थांबलंय, हे यांना कळायची सोय नव्हती. इकडचा सर्व्हर रिकामाच चालायचा. बंद करा म्हटलं तर म्हणायचे, बबडी कधीतरी बघेल. बघायचीही ती, अधूनमधून, अर्धा सिनेमा.

एका संध्याकाळी मी दुकान आवरत होते आणि ते दारात येऊन उभे राहिले. हातात काही नाही, निमित्तही नाही.

"सासूबाई गेल्या," ते म्हणाले. "सकाळी. बबडीचा फोन आला होता."

"तुम्ही निघणार आहात?"

"तिने ये म्हटलं नाही, येऊ नको असंही म्हटलं नाही. मला कळेना, कोण म्हणून जायचं. मग कामावर गेलो. आज गर्दी होती फार."

मी दिवे घालवले. माझं शटर एका बाजूने जरा तिरकं खाली येतं, एकटीला ओढताना खांदा भरून येतो. त्यांनी न विचारता दुसरी कडी धरली. आम्ही ते खाली ओढलं, मी कुलूप घातलं. बसस्टॉप त्यांचा एका बाजूला, माझं घर दुसऱ्या. तरी ते कोपऱ्यापर्यंत माझ्याबरोबर चालत आले. रस्त्यात त्यांनी एकदाच तोंड उघडलं, भाजी कुठे चांगली मिळते ते विचारायला. मी सांगितलं. बरं म्हणाले, आणि त्या दिशेला वळले.